‘नको’ म्हणणं तिला किती महाग पडतं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

पत्रलेखक २८ वर्षांचे. बेळगावजवळच्या एका खेड्यात घर, उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर नोकरी. चंदगड तालुक्यातल्या मुलीशी लग्न ठरलंय, साखरपुडा झालाय, वैशाखात लग्न आहे. मुलगी डी.फार्म. झालेली, कमी बोलणारी. साखरपुड्यानंतर दोघं राजहंसगडावर गेले असता यांनी तिचा हात धरला. ‘नको, कुणी बघेल’ म्हणून तिनं तो काढून घेतला. यांना अपमान वाटला, दोन दिवस फोनवर धड बोलले नाहीत. शेवटी तिनंच ‘सॉरी’ असा मेसेज पाठवला. पुढच्या भेटीत आंबोलीहून परतताना गाडी बाजूला घेऊन यांनी तिचं चुंबन घेतलं, ‘आणि थोडं पुढं गेलो’. ती काही बोलली नाही. नर्स असलेल्या बहिणीच्या कानावर हे गेलं तेव्हा ती संतापली. कायद्यानं गप्प बसणं म्हणजे होकार होत नाही, असं तिनं सुनावलं. मित्र म्हणतात, ठरलेली बायको आहे, तिला काय विचारायचं? पहिल्या रात्रीच मांजर मारायची असते, म्हणजे सुरुवातीलाच बायकोवर धाक बसवायचा. पत्रलेखक विचारतात: ‘ताई, माझं चुकलं का? हा गुन्हा होतो का? आपल्याकडच्या मुली तोंडानं कधी हो म्हणत नाहीत, मग कळायचं कसं? लग्नानंतर बी विचारतच राहायचं काय? का कागदावर सही घेऊ?’

उत्तर:

तुमच्या पत्रातल्या एका साध्या वाक्यापासून सुरुवात करते. ‘मुलीकडून होकार आला’ असं तुम्ही लिहिलंय. तो कसा आला तेही तुम्हीच सांगितलंय. पोहे झाले, शिक्षण-नोकरीची चौकशी झाली, गच्चीवर दोघांना थोडा वेळ सोडलं, तिथं तुम्ही बोललात आणि ती मान हलवत होती. आठवड्याभरानं तिच्या मामांनी तुमच्या वडिलांना फोन केला. म्हणजे तुम्हा दोघांत आजवर जे जे ‘हो’ म्हणून धरलं गेलं, ते एकतर दुसऱ्या कुणाच्या तोंडून आलं किंवा तिच्या गप्प बसण्यातून काढलं गेलं. तिनं स्वतःहून उच्चारलेला एकच स्पष्ट शब्द तुमच्या सबंध पत्रात आहे, आणि तो ‘नको’ आहे.

टोमणा मारायला हे सांगत नाही. आपल्याकडची लग्नं अशीच ठरतात, माझ्या पिढीत तर गच्चीवर सोडायचीही पद्धत नव्हती. पण ‘आपल्याकडच्या मुली तोंडानं हो म्हणत नाहीत’ असं तुम्ही म्हणता, तेव्हा तिला तोंडानं काही म्हणायची संधी कुणी दिली होती, हेही एकदा आठवून बघा.

आता राजहंसगड. मित्रांचं म्हणणं असं की कुणी बघणारं नसतं तर तिला चाललं असतं. असेलही. सुट्टीच्या दिवशी गडावर अर्धं बेळगाव लोटलेलं असतं, आणि इथली बातमी शिनोळी ओलांडून चंदगडात पोचायला संध्याकाळ लागत नाही. साखरपुडा झालेल्या मुलीला त्याची धास्ती वाटणं साहजिक आहे. पण दुसरीही शक्यता आहे, आणि ती बहुतेक बायकांच्या अंगवळणी पडलेली असते. ‘मला नको’ असं सरळ म्हणायची सोय नसली की बाई कारण पुढं करते. कुणी बघेल, उशीर झाला, डोकं दुखायलंय, घरी वाट बघायलेत. कारण दिलं की समोरच्याचा मान राहतो आणि आपलीही सुटका होते. तिचं ‘कुणी बघेल’ यातलं कुठलं होतं ते मला कळणार नाही, तुमच्या मित्रांना तर नाहीच. ते तिला एकटीलाच माहीत. दुसऱ्या दिवशी फोनवर तुम्ही सहज विचारलं असतंत, तर कदाचित तिनं सांगितलंही असतं.

तुम्ही त्याऐवजी अबोला धरलात. माझ्या मते तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचे ते दोन दिवस आहेत. गाडीतलं नंतरचं सगळं तिथून सुरू होतं.

तिच्या जागी बसून बघा. कार्यालय ठरलंय, पत्रिका छापायला गेल्यात, बस्त्याचा दिवस निघालाय, वडिलांनी कुठून कुठून पैसे उभे केलेत. ज्या माणसाच्या घरी जन्मभरासाठी जायचंय, तो एक हात काढून घेतला म्हणून बोलायचा थांबतो. ‘कामात आहे’ एवढंच उत्तर येतं. आई विचारते, ‘काय झालं गं, फोन नाही आला आज?’ ती काय सांगणार? चूक आपली नाही हे तिला बहुधा माहीत असेल, तरी मेसेज करते: सॉरी. त्या दोन दिवसांत तिला एक हिशेब कळला. हात काढून घेतल्याची किंमत दोन दिवसांचा अबोला. याहून मोठ्या गोष्टीला नको म्हटलं तर किती मोजावे लागतील?

आणि मग आंबोली. गाडी तुमची, चालवणारे तुम्ही, वेंगुर्ला रोडवर संध्याकाळी झाडीत बाजूला उभी केलेली. तिला उतरून घरी जायची सोय नाही. ती काही बोलली नाही याचा अर्थ तुम्ही ‘आता तिला चालतंय’ असा लावलात. पण पुढं तुम्हीच लिहिलंय, ती पर्स मांडीवर धरून बसली होती, खिडकीबाहेर बघत होती आणि तुम्ही थांबल्यावर फक्त एवढंच म्हणाली, ‘निघूया का?’ तुमच्या मित्रांनी हे पाहिलेलं नाही, तुम्ही पाहिलंय. लक्षात राहिलंय आणि न विसरता लिहिलंयही. तेव्हा ‘कळायचं कसं’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याजवळ आहे. तुम्हाला दिसलं होतं. त्याचा सोयीचा अर्थ तुम्ही लावून घेतलात.

अशा वेळी अनेकींचं अंग आखडतं, आवाज फुटत नाही. ओरडली नाही, ढकललं नाही, मग चाललं असणार, हा समज घराघरांत आहेच. कोर्टातही तो बराच काळ चालत आला.

तर गुन्ह्याचं. मी न्यायाधीश नाही, तुमच्या बाबतीत निकाल देणार नाही. कायदा काय म्हणतो तेवढं सांगते. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ६३ मध्ये, म्हणजे बलात्काराच्या कलमात, संमतीची व्याख्या दिलेली आहे. आशय असा: स्त्रीनं शब्दांनी, हावभावांनी किंवा दुसऱ्या कुठल्या प्रकारे, त्या विशिष्ट कृतीला आपली तयारी असल्याचं स्वेच्छेनं आणि निःसंदिग्धपणे कळवणं. शिवाय तिनं शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं मानता येणार नाही, हेही तिथंच लिहिलंय. चुंबन आणि तुम्ही म्हणता ते ‘थोडं पुढं’ हे त्या कलमात येतंच असं नाही. पण कलम ७४ आहे, ज्याला आपण विनयभंग म्हणतो. त्याला कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा सांगितली आहे. साखरपुडा झालेल्या पुरुषाला त्यातून सूट दिलेली मला कुठं आढळली नाही. कायद्याच्या लेखी तुम्ही अजून एकमेकांचे कुणी नाही. बहिणीचं बोलणं कडक वाटलं असेल, पण तिनं खोटं काही सांगितलेलं नाही.

आणि सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असला तरी या बाबतीत बेळगाव आणि चंदगड एकाच बाजूला आहेत. हा कायदा दोन्हीकडे तोच.

‘हे सगळं शहरातलं, बाहेरून आलेलं खूळ’ असं तुमच्या मित्रांपैकी कुणी म्हणालं म्हणे. त्यांना तारखा सांगा. ही व्याख्या आपल्या कायद्यात २०१३ साली आली, दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालापाठोपाठ. स्वीडननं असा बदल २०१८ मध्ये केला, स्पेननं २०२२ मध्ये. आणि या भांडणाचा एक महत्त्वाचा अध्याय मराठी मुलखातलाच आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी केलेल्या अत्याचाराचं प्रकरण, मथुरा प्रकरण म्हणून ओळखलं जाणारं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणून तिची संमती असावी असा अर्थ काढला गेला आणि आरोपी सुटले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. भीतीपोटी मुकाट सोसणं म्हणजे संमती का, असा त्या पत्राचा रोख होता. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तेव्हा मुख्यतः कोठडीतल्या अत्याचारासाठी बदलला. होकाराची सरळ व्याख्या यायला आणखी ३० वर्षं गेली.

त्याच्याही मागं जा. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लागलं. मोठं झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला आणि नवऱ्यानं मुंबईत दावा लावला. १८८७ साली न्यायालयानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगाला तयार झाल्या. पुढं तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. त्या निकालानंतर चारच वर्षांनी, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा आला. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचं की नाही यावर टिळक एकीकडे आणि आगरकर दुसरीकडे होते. दहा की बारा! आज वाचताना अंगावर काटा येतो, पण तेव्हाचे शहाणेसुरते लोकही ‘धर्म बुडाला’ म्हणत होते. तुमचे मित्र त्याच रांगेत उभे आहेत, फार तर शेवटी.

आता ‘नको म्हणजे हो’ हे तुमच्या मित्रांनी काढलेलं शास्त्र नाही, हे मान्य केलं पाहिजे. सिनेमानं ते वर्षानुवर्षं शिकवलं, मोबाइलवर जे बघितलं जातं ते आणखी वाईट शिकवतं. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका खटल्यात आरोपीला निर्दोष सोडताना ‘दुबळा नकार’ कधी कधी होकारही असू शकतो, अशा अर्थाचं लिहिलं होतं. कायद्यात व्याख्या येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. निकालावर खूप टीका झाली. कलम बदललं म्हणून डोकी बदलत नाहीत, न्यायमूर्तींचीसुद्धा. म्हणून तुमच्या बाबतीत मला कलमांपेक्षा त्या अबोल्याची काळजी जास्त वाटते.

माझं म्हणणं असं की ‘ती हो म्हणाली का’ हा प्रश्न पुरा पडत नाही. नको म्हणायची तिला मोकळीक होती का, आणि म्हटलं असतं तर पुढं काय झालं असतं, हे विचारा. जिथं नको म्हटल्यावर अबोला, टोमणे, आईकडे तक्रार, ‘तुझ्या घरच्यांना सांगू काय’ असं सगळं मागून येणार असतं, तिथं मिळालेल्या होकारावर विसंबू नका. तो भीतीचाही असू शकतो. नकार पचवायची सवय तुम्ही दाखवलीत तरच तिच्या होकाराला काही अर्थ येईल. हात काढून घेतला? ‘बरं’ म्हणा आणि बोलत राहा, पिठलं-भाकरी खायला चला, संध्याकाळी नेहमीसारखा फोन करा. तिनं हे चार वेळा पाहिलं की पाचव्यांदा ती जे सांगेल ते खरं असेल.

तुमचा पुढचा प्रश्न लग्नानंतरचा. इथं कायदा अजून अडखळतोय, ते लपवून उपयोग नाही. कलम ६३ मध्येच एक अपवाद आहे: बायको १८ वर्षांच्या वरची असेल तर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती बलात्कार धरली जात नाही. आधी हे वय १५ होतं, ते सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये १८ वर नेलं. मार्च २०२२ मध्ये आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयानं एका नवऱ्यावरचा बलात्काराचा आरोप रद्द करायला नकार दिला. पुरुष तो पुरुष आणि कृत्य ते कृत्य, मग ते नवऱ्यानं बायकोवर केलेलं का असेना, असा त्या निकालाचा सूर होता. सर्वोच्च न्यायालयानं पुढं त्या प्रकरणात स्थगिती दिली. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी याच अपवादावर दोन वेगळी मतं दिली. प्रश्न आता सर्वोच्च न्यायालयात आहे. पण अपवाद आहे म्हणून नवऱ्याला रान मोकळं, असं समजू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट धरलेला आहे. बायको त्याखाली संरक्षण मागू शकते, वेगळं राहण्याची सोय मागू शकते.

आणि एवढं सांगूनही, ‘लग्नानंतर विचारावं लागतं का’ याचं उत्तर मी कायद्यावर सोडणार नाही. हो, लागतं. मंगळसूत्र घातल्यावर तिची झोप, तिचं दुखणं, तिचा मूड तुमच्या नावावर होत नाही. आपल्या आया-मावश्यांपैकी कितीजणींनी उभ्या आयुष्यात एकदाही हा प्रश्न ऐकला नसेल, याचा मी विचार करते तेव्हा मला त्यांच्या संसाराच्या गोडव्याच्या गोष्टी जरा वेगळ्या ऐकू येतात.

सही घेण्याचं तुम्ही थट्टेत लिहिलंय असं समजते. तरी सांगते, कारण हा प्रश्न बरेच तरुण खरोखर भीतीनं विचारतात. कागद निरुपयोगी आहे. संमती त्या वेळेपुरती आणि त्या कृतीपुरती असते, मध्येच मागे घेता येते. संध्याकाळी केलेली सही रात्री तिच्या कामाची नाही आणि कोर्टात तुमच्याही नाही. ‘उद्या भांडण झालं तर ती केस टाकेल’ ही भीती मनात ठेवून बायकोजवळ जाणारा माणूस तिच्याकडे बघतच नसतो, तो स्वतःची सुटका कशी होईल ते बघत असतो. तिच्याकडे बघितलंत तर भीतीचं अर्धं कारण उरत नाही.

बरं, विचारायचं कसं? ‘तुझी संमती आहे काय’ असं कोर्टातल्यासारखं कुणी विचारत नाही. ‘जवळ येऊ?’ ‘बरं वाटतंय का?’ ‘थांबू?’ इतकंच. विचारताना दोन्ही वाटा उघड्या ठेवायच्या: ‘आज नुसतं बोलत बसूया का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं तरी तिची सुटका आहे. लाजणारी मुलगी तोंडानं बोलली नाही तरी काही करते. जवळ सरकते, हात धरून ठेवते, तुमच्याकडे बघते, हसते. आखडलेलं अंग, खिडकीबाहेरची नजर, मांडीवर घट्ट धरलेली पर्स हे लाजणं नसतं. आणि समजेना झालं तर थांबायचं. थांबल्यानं कुणाचं लग्न मोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता तुम्ही काय करावं. वैशाख जवळ आलाय, त्यामुळं हे लांबवू नका. तिला भेटा, गाडीत नको. चारचौघांत पण कानावर पडणार नाही अशा जागी, तिला हवं तेव्हा उठून जाता येईल असं. चंदगडच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलातही चालेल. आणि आधी तुम्ही बोला. काहीसं असं: ‘गडावर तू हात काढून घेतलास आणि मी रुसून बसलो. ते माझं चुकलं, तुझं नाही. तू सॉरी म्हणायला नको होतं. त्या दिवशी गाडीत मी तुला विचारलं नाही. तू गप्प होतीस, त्याचा मी मला हवा तो अर्थ लावला. परत असं होणार नाही. तुला काय वाटलं ते सांगावंसं वाटलं तर सांग, नाही सांगितलंस तरी मी रागावणार नाही.’ एवढं बोलून गप्प बसा. ‘माफ केलंस ना?’ असं लगेच विचारू नका. तो पुन्हा तिच्याकडून होकार उकळण्याचा प्रकार झाला. आणि ती रडली किंवा काहीच बोलली नाही तर ‘बघ, मी एवढं बोललो आणि तू’ असं मनातसुद्धा आणू नका.

मग पहिल्या रात्रीचं. ती रात्र कशी असते ते सगळ्यांना माहीत असतं, सांगत कुणी नाही. हळद, देवक, लग्न, वरात, सत्यनारायण. नवरी पहाटेपासून उभी असते. जड शालूची घडी कमरेत रुतलेली, गजऱ्याखाली खोचलेल्या पिनांनी डोकं ठणकत असतं, पोटात धड अन्न नसतं. घर नवं, न्हाणीघर कुठं तेही नीट माहीत नाही. घरात पाहुणे गच्च, सोप्यात काका झोपलेले, भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज येतो. मित्र दाराबाहेर खिदळायलेले. आणि सकाळी कुणीतरी आत्याबाई तोंड निरखून बघणार. या सगळ्यात दोन अनोळखी माणसांनी काय करावं अशी अपेक्षा असते! तुम्ही तिला लग्नाआधीच सांगून टाका: ‘त्या रात्री काही व्हायलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. आधी झोपूया.’ हे एक वाक्य तिच्या छातीवरचं ओझं किती उतरवेल याची तुम्हाला कल्पना नाही. मित्रांना आधीच बजावून ठेवा. आत्याबाईंना तोंड द्यायचं काम तुमचं, तिचं नाही. बहिणीला या बाबतीत हाताशी धरा, ती नर्स आहे. दुखणं, पाळी, दिवस राहू नयेत म्हणून काय करायचं, यातलं तिला कळतं. पुढं जवळ येताना दुखलं किंवा भीती गेली नाही, तर बळं लावायचं नसतं, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं असतं.

मांजर मारण्याचा सल्ला देणाऱ्या मित्राला मात्र एकदा विचारून बघा, त्याची बायको त्याच्याशी मनातलं काय काय बोलते.

हे उत्तर वाचणाऱ्यांत त्या गाडीत खिडकीबाहेर बघत बसलेल्याही कुणी असतील. त्यांच्यासाठी थोडं. ठरलेला नवरा आहे म्हणून सोसायलाच हवं असं नाही. आधी घरातल्या एका तरी माणसाला सांगा. तक्रार करायची वेळ आलीच तर हद्दीच्या घोळाला घाबरू नका. घटना आंबोलीच्या रस्त्यावर, तुम्ही चंदगडच्या, तो बेळगावचा असं असलं तरी कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. पुढं तो योग्य ठाण्याकडे पाठवणं पोलिसांचं काम आहे. असल्या गुन्ह्यात तक्रार महिला अधिकाऱ्यानं नोंदवायची असते. बेळगाव भागात ती बहुधा कन्नडमध्ये लिहिली जाईल. लिहिलेलं वाचून दाखवणं त्यांना बंधनकारक आहे. आपल्याला कळेल असं समजावून घ्या, कळल्याशिवाय सही करू नका, आणि प्रत मागा, ती फुकट मिळते. लगेच मदत हवी असेल तर ११२, महिलांसाठी १८१. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्याचा क्रमांक १५१००. बलात्काराच्या तक्रारीला मुदत संपली असं होत नाही. महिने उलटले असले तरी जाता येतं.

शेवटी पुन्हा तुमच्याकडे. तुम्ही तिला भेटाल, बोलाल, आणि कदाचित ती म्हणेल की मला हे लग्नच नकोय, किंवा थोडं थांबूया. तसं झालं तर ते घरी तुम्ही सांगायचं. ‘माझी तयारी नाही’ असं, स्वतःच्या नावावर. कार्यालयाचा अॅडव्हान्स बुडेल, मामा चिडतील, वडील आठवडाभर बोलणार नाहीत. ते तुम्ही अंगावर घ्या. चंदगडात ‘मुलीनं मोडलं’ अशी बोंब उठली तर पुढच्या स्थळाला नको म्हणायचीही तिची हिंमत राहणार नाही.